साष्टीचें रान : कागदावरचें आणि जमिनीवरचें

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं दूरसंवेदनाचा अभ्यास करणारा एक तरुण विद्यार्थी आमच्याकडे आला. उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून भूमीच्या उपयोगांत होणारे फेरफार मोजावयाचे व पुढील फेरफारांचा अंदाज बांधावयाचा, हें त्याचें काम. त्याच्या हातीं मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या टापूचा नकाशा होता आणि प्रश्न एकच होता : जुन्या महसुली कागदांत जी जमीन ‘खराबा’ म्हणून लिहिली आहे ती रान समजावी कीं उजाड माळ समजावा? त्याच्या गणितास दोहोंपैकीं एक खूण पाहिजे होती. आम्हीं उत्तर दिलें कीं, खराबा ही जमिनीची जात नव्हे, ती आकारणीची जात आहे. ज्यावर सारा बसत नाहीं तें सर्व खराबा. मग तो खडक असो, ओढा असो, वाट असो, मसणवट असो किंवा दाट झाडी असो. तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला, आणि मग त्यानें आपल्या यादींतील तो रकानाच खोडून टाकला.

विषय वरवर पाहतां आमच्या वाचकांच्या क्षेत्राबाहेरचा वाटेल. ताम्रपट, बखरी व मोडी रुमाल यांत रमणाऱ्यांस उपग्रहाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु आमचें मत असें झालें आहे कीं, साष्टीच्या रानाचें पुढें काय होणार याचें गणित मांडणाऱ्यांस जी सामग्री कमी पडते तिचा बराचसा भाग आपल्याच कपाटांत पडून आहे. ती नीट वाचून त्यांच्या हातीं दिली नाहीं तर गणित चुकेल, आणि चुकलेल्या गणितावर उद्यांचे निर्णय उभे राहतील. हें मत पुराव्यानिशीं मांडण्याचा येथें यत्न केला आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. साष्टीचें रान हें विषुववृत्ताजवळील सदाहरित वर्षावन नव्हे. तें मुख्यत्वें मोसमी पावसावर वाढणारें पानझडीचें रान असून ओढ्यांच्या कांठीं व खोल दऱ्यांत त्यास निमसदाहरित रूप येतें. तथापि उष्ण कटिबंध, चार महिन्यांचा प्रचंड पाऊस, आणि रानाच्या कडेस दाटत जाणारी वस्ती, या तीन गोष्टींमुळें ॲमेझॉनच्या अरण्याविषयीं जे प्रश्न आज विचारले जातात तेच येथेंही लागू पडतात.

(१) लेखांतील पुरावा

प्रथम नांवाचा विचार करूं. शिलाहारांच्या लेखांत या प्रदेशास ‘षट्षष्टि’ म्हटलें आहे, म्हणजे सहासष्ट गांवांचा समुदाय. त्याचेंच पुढें साष्टी झालें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बेटास हें नांव डोंगरावरून किंवा झाडीवरून मिळालें नाहीं. गांवांच्या गणतीवरून मिळालें. जमिनीचें नांव लिहून ठेवणारा बहुधा गणती करणाराच असतो, आणि रान त्याच्या गणतींत येत नाहीं.

डोंगरास मात्र स्वतःचें नांव होतें. कान्हेरीच्या प्राचीन प्राकृत लेखांत तें ‘कण्हसेल’ असें येतें, व राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळीं त्याच्या शिलाहार सामंतांच्या अमलांत कोरलेल्या लेखांत ‘कृष्णगिरि’ असें येतें. दोहोंचा अर्थ एकच, काळा डोंगर. बोरिवलीच्या पूर्वेकडील या डोंगरांत शंभरांहून अधिक लेणीं असून इसवी सनाच्या आरंभापासून सुमारें दहाव्या शतकापर्यंत तेथें भिक्षूंची वस्ती होती. तेथील दानलेखांत दोन शब्द पुनःपुन्हां आढळतात : ‘पोढी’, म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें, आणि ‘अखयनिवि’, म्हणजे मुद्दल न मोडतां केवळ उत्पन्न खर्चावें अशी ठेव. या ठेवींत शेतजमिनीही होत्या. एका लेखांत मंगलस्थान येथील शेताचें दान नोंदलें आहे; हें मंगलस्थान म्हणजे बोरिवलीनजीकचें मागाठाणें, असें विद्वान मानतात.

यावरून दोन हजार वर्षांपूर्वींचा भूमि-उपयोग स्थूलमानानें उमगतो. डोंगरावर पाणी सांठविलें जाई. पायथ्याशीं सखल भागांत शेत पिके. आणि पायथ्याच्या शेतानें डोंगरावरील विहाराचा खर्च चाले. मधली झाडी कोणीं कोणास दिली नाहीं, म्हणून ती लेखांत नाहीं.

बेटाच्या पूर्व अंगासही असाच पुरावा आहे. भांडुप येथें सांपडलेला शिलाहार छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. डॉ. ब्यूलर यांनीं तो १८७६ मध्यें प्रसिद्ध केला, आणि पुढें म. म. मिराशी यांच्या १९७७ च्या शिलाहार लेखसंग्रहांत त्याचा समावेश झाला. श्रीस्थानकांतर्गत षट्षष्टि विषयांतील नौर नामक गांवांतील शेताचें हें दान आहे, आणि सीमा सांगतांना शेजारच्या गांवांची व एका राजपथाची नोंद केली आहे. नौर म्हणजे आजचें नाहूर, हें भांडुप व मुलुंड यांच्या मधील गांव, असें मानतात. एक हजार वर्षांपूर्वीं बेटाच्या पूर्व कांठाच्या पट्ट्यांत गांवास लागून गांव होता, शेताच्या सीमा ठरलेल्या होत्या आणि राजमार्ग वाहता होता, इतकें यावरून निश्चित होतें. म्हणजे या कांठावर आधीं सर्वत्र घनदाट अरण्य होतें व आगगाडीनें तें प्रथम तोडलें, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती टिकत नाहीं. रानाची कड पुष्कळ आधींपासून डोंगराच्या उतारावर होती.

(२) दप्तरांतील पुरावा

राजवाडे यांनीं १९२४ मध्यें प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. राजवंशांच्या कथा व कुळांचे तंटे यांसाठीं ती पुष्कळ वाचली गेली. परंतु गांवें कशीं वसलीं, कोणत्या जागीं कोणती लागवड झाली, या दृष्टीनें तिचें वाचन अद्याप व्हावयाचें आहे. तिच्यांतील निरनिराळे भाग निरनिराळ्या काळचे आहेत, हें राजवाडे यांनींच दाखविलें आहे. म्हणून प्रत्येक उल्लेख त्या त्या भागाच्या काळाशीं जोडूनच घ्यावयास हवा.

डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील बेटें फिरंग्यांस दिलीं. पुढें वीस वर्षांनीं, १५५४ मध्यें, सिमांव बोतेल्यु यानें पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वसुलाचें ‘तोंबु’ तयार केलें, व तें १८६८ मध्यें लिस्बनास छापलें गेलें. त्यांत वसईकडील उत्पन्नाच्या नोंदी रोख नाण्यांत व भाताच्या मुड्यांत दिल्या आहेत. भाताचा आकडा म्हणजे सखल जमिनीचा अप्रत्यक्ष नकाशाच होय. त्यानंतर १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतल्यावर साष्टी त्यांच्या अमलाखालीं आली, १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांनीं घेतली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांजकडे कायम झाली. अडीचशें वर्षांत तीन सरकारें, तीन भाषा व तीन प्रकारचे हिशेब झाले. आणि प्रत्येकानें जमिनीस आपापल्या सोयीचें नांव दिलें.

हीं नांवें समजून घेतल्यावांचून नकाशावर रंग भरूं नये, असा आमचा आग्रह आहे. ठाणें जिल्ह्याच्या जुन्या कागदांतील कांहीं शब्द उदाहरणादाखल घेऊं. ‘खाजण’ म्हणजे भरतीचें पाणी चढणारी खारी जमीन. ‘शिलोत्तर’ म्हणजे बांध घालून समुद्रापासून मिळविलेली जमीन. ‘दळी’ म्हणजे डोंगरउतारावर झाडें तोडून जाळून त्या राखेंत केलेली नाचणी-वरईची शेती, जी दोन-चार वर्षांनीं सोडून द्यावयाची. ‘वरकस’ म्हणजे भातशेताखेरीज वरची हलकी जमीन. पण या वरकसाचा खरा उपयोग पुष्कळदां ‘राब’ मिळविण्याचा होता. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं वाफ्यावर पाला, फांद्या, गवत व शेण पसरून जाळतात, तो राब. त्यासाठीं वरकसांतील झाडें समूळ न तोडतां त्यांच्या फांद्या छाटीत. सारांश, वरकस ही ना रान ना उजाड माळ. ती दरसाल छाटलेल्या झाडांची जमीन होती. उपग्रहाच्या भाषेंत तिला काय म्हणावें? विरळ वन म्हणावें तर ती शेताचाच एक भाग होती. शेत म्हणावें तर तिच्यावर झाडें उभीं होतीं. आणि दळी तर एका साली शेत व पांच सालांनीं पुन्हां झुडुपें. जो नकाशा एकाच दिवशींच्या चित्रावरून काढलेला आहे तो या जमिनीस एका साली ‘वनाचा नाश’ म्हणेल व दुसऱ्या साली ‘वनाची वाढ’ म्हणेल; आणि दोन्ही वेळां तो चुकेल.

(३) तलावांनीं राखलेलें रान

साष्टीच्या भूमीच्या इतिहासांत सर्वांत मोठें वळण कोणतें, असें विचारल्यास बहुतेक लोक १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगतील. त्या दिवशीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली. तिचा मार्ग घाटकोपर, भांडुप, मुलुंड याच पट्ट्यांतून गेला; पुढील दशकांत पश्चिमेकडे अंधेरी-बोरिवलीच्या बाजूसही लोहमार्ग झाला. डोंगर दोहों बाजूंनीं लोहमार्गांच्या चिमट्यांत सांपडला. या दोन मार्गांवरून अनुमान बांधावयाचें तर शंभर-सवाशें वर्षांत मधलें रान नाहींसें व्हावयास हवें होतें.

तें झालें नाहीं. याचें कारण लोहमार्गानंतर सातच वर्षांनीं घडलेली दुसरी गोष्ट. मुंबई शहराच्या विहिरी व तळीं आटूं लागल्यामुळें मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यास बांध घालण्याचें काम १८५६ मध्यें हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार हातीं घेतलें, व १८६० मध्यें विहार तलाव पुरा झाला. १८७९ मध्यें तुळशी तलाव झाला. पिण्याचें पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचें पाणलोट क्षेत्र वस्तीस व शेतीस बंद झालें. रान राखावें असा त्यांत मुख्य हेतु नव्हता. पाणी राखतां राखतां रान राखलें गेलें. कान्हेरीच्या भिक्षूंनीं ज्या डोंगरावर पोढी खोदल्या त्याच डोंगराच्या कुशींत शहरानें आपली पोढी बांधली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या विधानाची परीक्षा पाहावयाची असेल तर जवळच पवई आहे. पवईचा तलाव १८९० च्या सुमारास झाला. त्याचें पाणी पिण्याच्या कामीं फार काळ राहिलें नाहीं. परिणाम असा कीं, विहार व तुळशी यांच्या भोंवतीं आज राष्ट्रीय उद्यान आहे, आणि पवईच्या भोंवतीं उंच इमारती आहेत. एकाच डोंगरांतील शेजारशेजारचीं खोरीं, तोच पाऊस, तीच माती. भेद केवळ पाण्याच्या उपयोगाचा.

त्यानंतरच्या घटना थोडक्यांत अशा. आरे येथें १९४९ मध्यें दुग्धवसाहत स्थापन झाली, आणि तिच्याकडे सुमारें १,२८७ हेक्टर जमीन आली. १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्यानंतर बोरिवलीचें लहानसें कृष्णगिरि राष्ट्रीय उद्यान झालें. १९५० व १९५७ मध्यें मुंबई महापालिकेची हद्द वाढून ती बोरिवली-मुलुंडपर्यंत आली. १९६९ पासून तलावांच्या व आरेच्या बाजूच्या जमिनी जोडल्या जाऊन उद्यान विस्तारलें. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें तें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें आहे.

रानाच्या असण्यानसण्यानें काय होतें तें २६ जुलै १९०५ नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत २६ जुलै २००५ रोजीं दिसलें. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार व पवई यांचें ओसंडलेलें पाणी घेऊन वाहणारी मिठी नदी खालच्या अंगास आधींच भरावांनीं व बांधकामांनीं आवळलेली होती. तिच्या कांठचे भाग बुडाले, माणसें दगावलीं, आणि माधवराव चितळे यांच्या समितीस पाण्याच्या वाटांचा शोध घ्यावा लागला. जुन्या नकाशांतील ओढ्यांची नांवें त्या वेळीं एकाएकीं कामाचीं ठरलीं.

(४) एका शब्दाची किंमत

कागदांतील शब्दावर किती गोष्टी अवलंबून असतात याचें ठळक उदाहरण मुलुंड-विक्रोळीकडील खासगी वनांच्या खटल्यांत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ३५ व्या कलमान्वयें १९५० नंतरच्या दशकांत कांहीं जमीनमालकांस नोटिसा निघाल्या होत्या. पुढें १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वन संपादन कायद्यानें, ज्या जमिनींबाबत अशी नोटीस निघाली ती वन होय व ती सरकारांत जमा होय, असें ठरलें. मधल्या काळांत त्या जमिनींवर इमारती उठल्या. २००६ च्या सुमारास जेव्हां अधिकार-अभिलेखांत ‘वन’ हा शब्द चढूं लागला, तेव्हां राहत्या घरांतल्या लोकांस कळलें कीं आपण कागदोपत्रीं रानांत राहतों. २००८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सरकारचें म्हणणें मान्य केलें. ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. केवळ नोटीस निघाली एवढ्यानें जमीन वन होत नाहीं, ती मालकास पोंचावयास व तिच्यावर पुढील कारवाई व्हावयास पाहिजे, असें त्याचें तात्पर्य.

आमच्या वाचकांस यांतील एक गोष्ट विशेष वाटेल. या खटल्यांतील विक्रोळी येथील १३३ एकर ३८ गुंठे जमिनीचा मूळ हक्क ७ जुलै १८३५ च्या एका कौलापर्यंत जातो. हा कायमचा कौल मुंबई सरकारनें फ्रामजी कावसजी बानाजी यांस दिला होता. पडीत जमीन लागवडीस आणविणें हा त्या काळच्या अशा कौलांचा सर्वसाधारण हेतु असे. म्हणजे एकविसाव्या शतकांतील न्यायासनासमोर, ही जमीन रान कीं रान नव्हे हा प्रश्न निघाला असतां, पावणेदोनशें वर्षांपूर्वींचा कौल साक्षीस उभा राहिला. जुने कागद निरुपयोगी आहेत असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आरेची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेथें झाडी उभी होती, पण कागद दुधाच्या वसाहतीचा होता. ही जमीन वन होय असें मागणारे अर्ज उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें व पुन्हां ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं अमान्य केले. त्याच रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें पडूं लागलीं, व ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें गेलीं होतीं. त्यानंतरच्या दोन वर्षांत आरेच्याच सुमारें ८१२ एकरांस राखीव वनाचा दर्जा देण्यांत आला. एकीकडे घरें असून कागद रानाचा, दुसरीकडे रान असून कागद कुरणाचा. या दोहोंच्या मध्यें आरेंतील पाड्यांवरचे वारली व इतर आदिवासी राहतात. त्यांचें राहणें मात्र या दोन्ही कागदांहून जुनें आहे.

(५) भाकिताचें गणित कसें चालतें

आतां त्या विद्यार्थ्याच्या विद्येकडे वळूं. त्यानें जें आम्हांस समजावून दिलें तें आमच्या शब्दांत असें. उपग्रह जमिनीचें चित्र लहान चौकोनी ठिपक्यांनीं घेतो. १९७२ मध्यें सोडलेल्या पहिल्या अमेरिकन लँडसॅटच्या एका ठिपक्यांत साठांहून कांहीं अधिक गुंठे मावत. १९८२ पासूनच्या लँडसॅटच्या सुधारलेल्या उपकरणाचा ठिपका जवळजवळ नऊ गुंठ्यांचा झाला. प्रत्येक ठिपक्यास त्याच्या प्रकाशावरून रान, शेत, वस्ती, पाणी असें नांव द्यावयाचें. मग दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं दोन चित्रें एकमेकांवर ठेवावयाचीं, आणि शंभर रानाच्या ठिपक्यांतील किती रानच राहिले, किती वस्ती झाले, हें कोष्टक मांडावयाचें. रशियन गणिती मार्कोव्ह यांच्या नांवानें ओळखली जाणारी ही रीत पुढील दहा-पंधरा वर्षांस तेंच प्रमाण लावते. कोणता ठिपका आधीं बदलेल हें ठरविण्यास रस्त्याचें अंतर, उतार, शेजारचे ठिपके यांचा विचार करतात. शेवटीं, गणितास न दाखविलेल्या तिसऱ्या सालाच्या चित्राशीं उत्तर ताडून पाहतात. यास ते ‘मॉडेल’ म्हणतात. आपण प्रतिमान म्हणूं.

रीत स्वच्छ व प्रामाणिक आहे. तिच्यांत दोन जागा मात्र नाजूक आहेत, आणि दोन्ही इतिहासाच्या आहेत. पहिली, ठिपक्यास दिलेलें नांव. खराबा, वरकस, कुरण यांविषयीं वर जें लिहिलें त्यावरून ही जागा किती निसरडी आहे तें दिसेल. पहिल्या रकान्यांतील चूक शेवटच्या भाकितापर्यंत वाहत जाते. दुसरी, मागच्या काळाचा नियम पुढच्या काळासही लागू राहील हें गृहीत. साष्टीच्या बाबतींत हें गृहीत १५३४, १७३७, १७७४, १८५३, १८६० आणि १९६९ इतक्या वेळां मोडलें आहे. आगगाडीवरून बांधलेलें कोणतेंही प्रतिमान विहारचें रान वांचेल असें सांगूं शकलें नसतें, कारण तें रान कोणत्याही प्रमाणानें वांचलें नाहीं. एका निर्णयानें वांचलें.

परदेशांतील जाणत्या अभ्यासकांनीं यावर तोड काढली आहे. ब्राझीलमधील मिनास जेराइस येथील विद्यापीठांत ब्रिताल्दु सुआरिस-फिल्यु व त्यांचे सहकारी यांनीं ॲमेझॉनसाठीं प्रतिमान रचतांना एकच भाकीत केलें नाहीं. जसें चाललें आहे तसेंच चालूं दिलें तर काय, आणि कायदे पाळले गेले तर काय, अशीं निरनिराळीं चित्रें मांडलीं. त्यांच्या २००६ च्या निबंधानुसार, शेतीचा विस्तार तत्कालीन गतीनें होत राहिल्यास २०५० पर्यंत ॲमेझॉनच्या अरण्याचा चाळीस शतांश भाग नाहींसा होईल. म्हणजे प्रतिमान हें भविष्य सांगत नाहीं. कोणत्या निर्णयाचें फळ काय, तें दाखवितें. निर्णयांचा इतिहास ज्यास ठाऊक त्यासच असे पर्याय नीट मांडतां येतात.

(६) स्थानिक अभ्यासक कां हवेत

याच ब्राझीलची आणखी एक गोष्ट अनुकरणीय आहे. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून दरसाल ॲमेझॉनच्या तोडीचा हिशेब आपल्याच माणसांकडून करविते. २०१९ मध्यें हे आंकडे राज्यकर्त्यांस रुचले नाहींत, तेव्हां संस्थेचे प्रमुख रिकार्दु गाल्व्हांव यांनीं त्यांचें समर्थन केलें व त्यांस पद सोडावें लागलें. पण आंकडे राहिले. हिशेब परक्यांनीं केला असता तर तो परक्यांचा म्हणून सहज बाजूस सारतां आला असता.

आपल्याकडे ही परंपरा नाहीं असें नाहीं. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्यें स्थापन झाली ती बहुतांशीं युरोपियनांची. पण १९०८ मध्यें एका मेलेल्या चिमणीचें नांव विचारण्यास आलेल्या बालक सालिम अलीस तिच्या चिटणिसांनीं, मिलर्ड यांनीं, पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि त्यांतून एक थोर शास्त्रज्ञ निर्माण झाला. सेंट झेवियर महाविद्यालयाचे फादर सांतापाव यांनीं येथील विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन रानांतील वनस्पती तपासल्या. कृष्णगिरि उद्यानाच्या वनस्पतींवरील त्यांचा व रांदेरिया यांचा निबंध १९५५ चा आहे. डेहराडून येथें १९६६ मध्यें डच साहाय्यानें हवाई छायाचित्रें वाचण्याची शिक्षणसंस्था निघाली, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत १९७६ मध्यें साधनसंपत्ति-अभियांत्रिकीचें अभ्यासकेंद्र झालें, आणि १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह आकाशांत गेला. चित्र घेणारा, वाचणारा व शिकविणारा, तिघेही आतां आपलेच आहेत.

उणीव आहे ती एका दुव्याची. चित्र वाचणाऱ्यास मोडी वाचतां येत नाहीं, आणि मोडी वाचणाऱ्यास नकाशावर बोट ठेवतां येत नाहीं. वर्षापूर्वीं आम्हांसही तें येत नव्हतें. त्या विद्यार्थ्यानें आम्हांस एका ठिपक्याचे गुंठे करावयास शिकविलें. आम्हीं त्यास ‘वरकस’ व ‘खराबा’ यांतील भेद दाखविला, आणि मोडीचीं पहिलीं वीस अक्षरें गिरविण्यास दिलीं. गुरु कोण व शिष्य कोण, हें सांगणें कठीण आहे.

कोणी म्हणेल कीं जुन्या कागदांत मोजमाप ढोबळ, सीमा संदिग्ध. त्यांचा शास्त्रास काय उपयोग? आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाहीं. लँडसॅटची साक्ष १९७२ च्या मागें जात नाहीं. त्यामागील दोन हजार वर्षांची साक्ष अंधुक असली तरी तीच एक आहे. आणि अंधुक साक्ष तपासून घेण्याची कला हाच तर आपला व्यवसाय.

यास्तव आमची संग्राहकांस तीन प्रकारची विनंती आहे. साष्टीच्या सहासष्ट गांवांपैकीं कोणत्याही गांवाचा कौल, इनामपत्र, जमाबंदी, खराब्याची किंवा झाडांची यादी ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं निदान तिची छायाप्रत व गांवाचें नांव कळवावें. ज्यांस जमिनीचे जुने शब्द ठाऊक असतील, मग ते पाटलाच्या घरचे असोत कीं पाड्यावरच्या वृद्धांच्या तोंडचे असोत, त्यांनीं ते अर्थासह लिहून काढावे. आणि ज्यांस मोडी येते त्यांनीं आठवड्यांतून एक तास अशा एखाद्या विद्यार्थ्यास द्यावा. आमचा विद्यार्थी दर रविवारीं येतो. त्यानें खोडलेल्या रकान्याच्या जागीं आतां सात रकाने आहेत; त्यांपैकीं तीन अद्याप रिकामे आहेत, आणि ते भरण्याजोगे कागद वाचकांपैकींच कोणाच्या तरी बासनांत असतील असा आमचा भरंवसा आहे.